गरोदरपणातील मधुमेह : परिचारिकेची देखरेख फोनवरून व्हावी का?

धागालेखिका (निवृत्त परिचारिका, गुहागर तालुका)

केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गरोदर स्त्रीला पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात. दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून अधिक भरली की निदान होते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दोन आठवडे आहार बदलून जेवणानंतरची साखर १२० च्या खाली येते का हे पाहायचे असते, आणि नेमक्या त्याच सुमारास, सातव्या महिन्यात, ओटीभरण होऊन मुलगी माहेरी जाते. उपकेंद्र बदलते, परिचारिका बदलते आणि आधीचे आकडे सासरीच राहतात. तिला ओळखणारी परिचारिका फोनवरून तिच्यासोबत राहिली, तर हा धागा तुटणार नाही.

शिवाय "भात कमी करा" हा सल्ला आपल्याकडे टिकत नाही. सकाळी पेज पिणाऱ्या बाईला पेज बंद करायला सांगण्यापेक्षा ती अर्धी करून सोबत उकडलेले अंडे किंवा मोडाची उसळ घ्यायला सांगावे, दुपारी एक वाटी भातासोबत बांगडा किंवा कुळथाची पिठी सुचवावी, आणि दोन तासांनी आकडा काय आला ते विचारावे. हे तिचे ताट ठाऊक असलेल्या व्यक्तीलाच जमते.

प्रतिसाद (राजापूर)

ताई, आपला अनुभव मोठा आहे, तरीही मी असहमत आहे. माझ्या बहिणीच्या वेळी घरात एकच फोन होता आणि तो भावोजींबरोबर होडीवर जात असे. आमच्या वाडीत श्रावणापर्यंत रेंजचा भरवसा नसतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ओरडा बसेल या भीतीने ती १६० चा आकडा १२५ सांगत असे. पायांवरची सूज आणि वाढलेला रक्तदाब फोनवरून कोणाच्या लक्षात येणार? तिची सूज शेवटी शेजारच्या काकूंनी ओळखली. फोन आला की घरभेटी हळूहळू बंद होतील, ही माझी भीती आहे.

प्रतिसाद (आशा कार्यकर्ती, देवगड)

घरभेटी बंद होऊ नयेत, हे मलाही वाटते. मात्र रोजचे फोन शेवटी आमच्याच अंगावर पडतात. साखर तपासण्याच्या पट्ट्या कोण देणार, हेही आधी ठरावे.

धागालेखिका

ओरडण्याचा मुद्दा मला मनापासून पटला. मीही पूर्वी ओरडले आहे आणि बायका आकडे लपवत हेही पाहिले आहे. म्हणून घरभेटीत यंत्रात साठलेले आकडे वाचावेत, रक्तदाब मोजावा, पाय पाहावेत, आणि आकडा चढलेला दिसला तर आधी काय खाल्ले होते तेवढेच विचारावे. इन्शुलिनचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते. बाळाच्या धावपळीत ती हमखास राहून जाते, तेव्हा आठवण करून देणारा एक फोन तरी जायला हवा.

प्रतिसाद (राजापूर)

सहा आठवड्यांच्या तपासणीविषयी आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. बहिणीचे बाळ आता पाच महिन्यांचे आहे. उद्या तिला घेऊन जातो. घरभेटींबाबतचे माझे मत मात्र बदललेले नाही.