'ऐकत नाही' की 'ऐकू येत नाही'? बेरा तपासणीच्या माहितीपत्रकासाठी शब्द हवे आहेत

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मेंदूच्या विद्युत लहरींमधून ऐकण्याच्या खुणा वेगळ्या काढायच्या, हे माझं संशोधन. सगळं काम इंग्रजीत चालतं. आता एका श्रवणतज्ज्ञ मैत्रिणीबरोबर पालकांसाठी मराठी माहितीपत्रक करते आहे. पेठ-सुरगाण्याहून बाळाला घेऊन नाशिकला येणाऱ्या आईच्या हातात ते पडेल, आणि बऱ्याचदा आशाताईच तिला वाचून दाखवतील. त्यामुळे शब्द चुकला तर माझ्यासमोर कुणी विचारायलाही येणार नाही.

आधी बेरा तपासणीत, म्हणजे कानात सोडलेला आवाज मेंदूच्या खोडापर्यंत पोचतो का ते पाहण्याच्या तपासणीत, काय होतं ते सांगते. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात. कानात टिक-टिक असा आवाज सोडतात. आवाज कानात गेल्यापासून साधारण 10 मिलिसेकंदांच्या आत श्रवणाची नस आणि मेंदूचं खोड यांत एकामागून एक छोटी शिखरं उठतात. 1971 मध्ये ज्युएट आणि विलिस्टन यांनी त्यांना रोमन आकडे दिले, ते आजही चालतात. पाचवं शिखर सगळ्यात कामाचं. पण त्याची उंची एक मायक्रोव्होल्टसुद्धा नसते आणि मेंदूच्या नेहमीच्या लहरी त्याच्या कित्येक पट मोठ्या. म्हणून तोच आवाज हजार-दोन हजार वेळा ऐकवून सरासरी काढायची. आवाजामागून उठणारी लहर दर वेळी त्याच क्षणी येते, बाकीचं कधी वर कधी खाली असतं आणि बेरजेत एकमेकांना खोडतं. 2000 वेळा केलं तर ते सुमारे 45 पटींनी खाली बसतं.

या 'बाकीच्या'ला, म्हणजे नॉईजला, काय म्हणू? आणि आवाजामागून उठणाऱ्या लहरीला, म्हणजे इव्होक्ड रिस्पॉन्सला? 'उद्दीपित प्रतिसाद' लिहून पाहिलं, मलाच परकं वाटलं.

म्हसरूळकर:
ताई, 'गोंगाट' मात्र लिहू नका. मी रोज या तपासण्या करते. "गोंगाट येतोय" म्हटलं की वडील उठून पंखा बंद करतात, बाहेरच्यांना गप्प करतात. खरं तर बाळ अंगठा चोखत असतं, जबड्याचे स्नायू हलत असतात, त्याची वीज इलेक्ट्रोडवर येते. शिवाय भिंतीतल्या वायरिंगचे 50 हर्ट्झ असतातच. यातलं काहीच कानाला ऐकू येत नाही.

जुनेनाशिक:
'अवांतर' हा शब्द घ्या. अवांतर म्हणजे वाईट नव्हे, चाललेल्या विषयाबाहेरचं. स्नायूची ती लहर दुसऱ्या तपासणीत मुख्य विषय असेल, इथे अवांतर. 'अवांतर लहरी' आशाताईंनाही समजावता येईल. कोशातले 'कोलाहल', 'रव' हे सगळे कानाशी बांधलेले शब्द आहेत, त्यांनी घोटाळा वाढेल.

गोदाकाठ:
सर, 'अवांतर' अगदी चपखल. घेतला.

सातपूरकर:
मी शास्त्रातला नाही, पण बाप म्हणून लिहितो. आमच्या मुलाच्या रिपोर्टवर 'प्रतिसाद नाही' असं होतं. मी त्याचा अर्थ लावला की तपासणीच्या वेळी मुलानं साथ दिली नाही, परत करू. त्या गैरसमजात काही महिने गेले. घरात तर 'ऐकत नाही' हेच चालू होतं. आजी म्हणायची, हट्टी आहे, हाक मारली तरी ऐकत नाही. आणि गणपतीत ढोल वाजला की हाच पोरगा खिडकीकडे धावायचा! मग बहिरा कसा, असं सगळ्यांचं म्हणणं.

माझी विनंती, 'प्रतिसाद' हा शब्दच काढा. प्रतिसाद माणूस देतो.

म्हसरूळकर:
दादा, तुम्ही लिहिलंत ते मी दर आठवड्याला ऐकते. ढोलाचं सांगते. ढोलाचा खर्जातला आवाज कानानं आणि छातीनंही कळतो. बेरात वापरतात तो टिक आवाज मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झच्या, म्हणजे टिपेच्या पट्ट्याची खबर देतो. टिपेचे आवाज जात नसतील तर मूल ढोलाकडे धावेल, दार आपटलं की दचकेल, आणि 'साखर' मधला 'स्' त्याला पोचणारच नाही. स, श, फ हे त्याच वरच्या पट्ट्यातले. बोलणं उशिरा येतं किंवा अर्धवट येतं ते यामुळे. हे माहितीपत्रकात ठळक यायलाच हवं.

आणि वेळेचं: जन्मानंतर 1 महिन्यात प्राथमिक तपासणी, 3 महिन्यांत निदान, 6 महिन्यांत उपचार सुरू, असा जगभर पाळायचा आडाखा आहे. म्हणून रिपोर्टमधल्या एका शब्दानं महिने जावेत हे मला सोसत नाही.

जुनेनाशिक:
सातपूरकरांचा मुद्दा पक्का आहे. पाण्यात तरंग उठतो, मनात विचार उठतो. तशी 'आवाजाने उठलेली लहर' म्हणा. 'लहर उठली नाही' असं वाचल्यावर दोष मुलाकडे जात नाही.

गोदाकाठ:
आता तिसरी अडचण, आणि माझं खरं काम हेच. दोन माणसं एकदम बोलत असताना आपण एकाचं कसं ऐकतो, हा प्रश्न कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये प्रयोगाला घेतला. 2012 मध्ये मेसगरानी आणि चँग यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड असलेल्या रुग्णांमध्ये दाखवलं की, ज्याच्याकडे लक्ष आहे त्याचंच बोलणं तिथल्या लहरींमध्ये उमटतं. आता बाहेरून, डोक्यावरच्या इलेक्ट्रोडवरूनही ते ओळखता येतं: दोघांच्या बोलण्याचा चढउतार घ्यायचा आणि मेंदूच्या लहरी कुणाशी जास्त जुळतात ते पाहायचं. पुढे श्रवणयंत्राला हे जमलं तर मेन रोडच्या गर्दीत सगळंच मोठं करण्याऐवजी ते हव्या त्या माणसाचाच आवाज वाढवेल. याला 'मन वाचणं' म्हणतात ते मला मान्य नाही. विचार कळत नाहीत, फक्त कान कुणाकडे लावलाय तेवढं कळतं.

जुनेनाशिक:
तुमचा शब्द तुम्हीच लिहिलात: कान लावणे. मराठीनं हे टप्पे आधीच वेगळे ठेवलेत. 'कानावर पडणं' यात माणूस काहीच करत नाही. 'मला ऐकू येतं' यात अनुभव आपल्याकडे येतो, म्हणून 'मला'. 'मी ऐकतो' यात कर्ता मी. बेरा झोपेत होते, तेव्हा तिथे 'ऐकतो' येऊच शकत नाही.

म्हसरूळकर:
सर, बेराला 'ऐकू येतं'सुद्धा पूर्ण लागू नाही. लहर मेंदूच्या खोडापर्यंत पोचली, एवढंच ती सांगते. त्यापुढे अर्थ लागतो का, ते वेगळं. काही बाळांचा आतला कान काम करतो, पण नसेवरून लहर नीट जात नाही. तिथे कानातून परत येणारा आवाज तपासणारी ओएई चाचणी ठीक येते आणि बेरात लहर उठत नाही. दोन्ही तपासण्या का सांगितल्या, असं पालक भांडून विचारतात तेव्हा कारण हे असतं.

सातपूरकर:
मग 'आवाज पोचतो' किंवा 'पोचत नाही' लिहा ना. हे आमच्या आजीलाही कळलं असतं.

गोदाकाठ:
दादा, तेच ठेवते. मसुदा असा: "बाळ झोपलेलं असताना कानात आवाज सोडून, तो मेंदूच्या खोडापर्यंत पोचतो का ते पाहतात. लहर उठली नाही तर आवाज पोचत नसावा. बाळानं साथ दिली नाही असा त्याचा अर्थ नाही. ढोलाला वळणाऱ्या बाळालाही बोलणं नीट ऐकू येत नसेल, म्हणून तपासणी टाळू नका." फ्रीक्वेन्सीला 'वारंवारता' म्हणायचं की 'कंप्रता' हा वाद मी डॉक्टरांच्या प्रतीसाठी ठेवला आहे, पाठ्यपुस्तकात पहिला, विश्वकोशात दुसरा. पालकांच्या प्रतीत 'खर्जातला' आणि 'टिपेचा' एवढंच.

म्हसरूळकर:
'पोचत नसावा' मधलं 'नसावा' राहू द्या. पक्कं निदान पुढच्या तपासण्यांनंतरच होतं. आणि शेवटी एक ओळ घाला: घरात मूल 'ऐकत नाही' म्हणत असाल, तर ते वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.