जुन्या रेन ट्रीखालून चालायची वाट: खोदायचं किती?

रानवाट: पुण्यातल्या आमच्या सोसायटीत दोन मोठे रेन ट्री आहेत. त्यातल्या एकाचा घेर छातीच्या उंचीवर २४० सेंमी. ज्येष्ठांना पावसाळ्यातही न घसरणारी वाट हवी आहे, शिवाय एक रहिवासी व्हीलचेअर वापरतात. ठेकेदार ३० सेंमी खोदून काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक बसवू म्हणतो. झाडांना धोका आहे का? मुरूम टाकला तर?

मातीकाम: मोठा धोका आहे. पाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्या बहुतेक वरच्या ६० सेंमीतच असतात, ३० सेंमीचा चर नेमका त्यांच्यातून जाईल. त्यावर रोलर फिरला की मातीतली हवेची जागाच मिटते. झाड लगेच वाळत नाही. काही वर्षांनी शेंडे सुकू लागतात, तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

घेर भागिले ३.१४, म्हणजे खोडाची जाडी ७६ सेंमी. तिच्या १२ पट, साधारण ९ मीटर त्रिज्येत खोदाई बंद. वाट बाहेरून वळवता आली तर उत्तमच. नाहीतर जमिनीवर चढवून बांधा: गवत हाताने काढून जिओटेक्स्टाईल (पाणी झिरपू देणारं कापड), त्यावर १०० मिमी उंचीचा जिओसेल (खडी धरून ठेवणारी, मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांची प्लास्टिकची जाळी), त्यात २० मिमीची धुतलेली खडी. क्रशर डस्ट (दगडाची भुकटी) अजिबात नको, पोकळ्या बुजतात. पुन्हा जिओटेक्स्टाईल, ३०-४० मिमी बारीक खडी आणि वर ६० मिमीचे पाणी झिरपू देणारे ब्लॉक. सांध्यांतही सिमेंट नाही, बारीक खडीच. कडेला खुंट्या ठोकून पट्टी लावा, कर्बसाठी (कडेच्या दगडांसाठी) चर नको.

वाट सुमारे २० सेंमी उंच होईल. दोन्ही टोकांना १:२० चढ दिला तर प्रत्येकी ४ मीटर लागतात, व्हीलचेअर आरामात चढते. रुंदी निदान १.५ मीटर, आडवा उतार १:५०.

मुरमाचं म्हणाल तर पावसात चिखल होतो आणि चाकं रुततात. मुख्य वाटेला नको.

रानवाट: दिव्यांच्या केबलचं काय? आणि खोडाभोवती पार बांधायचीही मागणी आहे.

छत्री: केबलसाठी वेगळा चर खणलात तर वरची सगळी मेहनत वाया. पाइप त्या खडीच्या थरातूनच न्या. दिवे कमरेएवढे, खाली झोत टाकणारे, २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. रात्री ११ नंतर बंद. झाडावर दिव्यांच्या माळा, खिळे नकोत.

पार मात्र बांधूच नका. आत माती भरली की खोडाच्या बुंध्याशी ओल धरते, साल कुजते. सुटे बाक ठेवा, तेही आडव्या जड फांद्यांखाली नाहीत. रेन ट्रीच्या फांद्या वादळात मोडतात. पावसाळ्याआधी फांद्या तपासून घ्या, छाटायच्या असतील तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी.

मातीकाम: एक राहिलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती १ मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितली होती. ठेकेदार तोच आकडा पुढे करेल. एवढ्या झाडाला तो पुरत नाही, ९ मीटरच धरा. पडलेला पाला जाळू नका. वाटेबाहेर ७-८ सेंमी पसरा, खोडापासून वीतभर सोडून.