बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आरोग्यक्षेत्राची वाट धरावी का?

चौकस (धागाकर्ता)

मी एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात दरवर्षी बरीच मुले अशी असतात, की ज्यांनी एकदा किंवा दोनदा ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिलेली असते आणि गुण कमी पडल्यामुळे ती बी.एस्सी.कडे वळलेली असतात. २०२४ साली देशभरात २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आतच होत्या, त्यामुळे या मुलांची संधी हुकली यात नवल नाही. नवल याचे वाटते, की ‘डॉक्टर नाही, तर मग काय?’ असे विचारल्यावर त्यांच्याजवळ ‘डीएमएलटी’ (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) या एका शब्दापलीकडे उत्तर नसते.

वास्तविक रुग्ण केसपेपर काढतो तेव्हापासून घरी परत जाईपर्यंत त्याची गाठ परिचारिका, क्ष-किरण तंत्रज्ञ, औषधनिर्माता, आहारतज्ज्ञ, समाजसेवा अधीक्षक, फिजिओथेरपिस्ट अशा कितीतरी माणसांशी पडते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने तर सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांचे दहा गट करून पन्नासाहून अधिक व्यवसाय नावानिशी नोंदवले आहेत. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून दिलेला उपचार, हा विषय आमच्या मुलांनी ऐकलेला नसतो. मात्र त्याचे शिक्षण देणारी शाळा कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० सालीच सुरू केली होती.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन घ्यायचे कार्यप्रशिक्षण, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘ओजेटी’, श्रेयांकांसह (क्रेडिटसह) आले आहे. आमच्याकडे बहुतेक वेळा त्याचा अर्थ ओळखीच्या ठिकाणाहून शिक्का मारून आणलेला कागद एवढाच होतो. माझे म्हणणे असे, की ज्यांना इच्छा आहे त्यांनी हे दिवस जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात काढावेत, तेथे चालणारी कामे डोळ्यांनी पाहावीत आणि मगच पुढचे ठरवावे. आपले मत काय?

रातपाळी

सर, तुमची कळकळ कळते, पण मी याच्या विरोधात आहे. मी एका जिल्हा ठिकाणच्या रुग्णालयात परिसेविका आहे आणि विद्यार्थ्यांना ‘रुग्णालय दाखवणे’ म्हणजे काय, हे मी पाहिलेले आहे. एकदा एका महाविद्यालयाची मुले आमच्या कक्षात आली होती. त्यांतल्या एकाने मोबाइल काढून फोटो घेतला, तेव्हा समोरच्या खाटेवरच्या बाईंचे कपडे बदलणे चालले होते. त्या बाई काही बोलल्या नाहीत, मात्र दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याने जे ऐकवले ते मला ऐकून घ्यावे लागले. वॉर्ड ही प्रदर्शनाची जागा नव्हे. तिथे झोपलेल्या माणसाने तुमच्या विद्यार्थ्यांच्या करिअरसाठी संमती दिलेली नसते.

दुसरे असे, की दिवसा अकरा वाजता येऊन दोनला परत जाणाऱ्या मुलाला आमच्या कामातले काहीच दिसत नाही. रात्री तीन वाजता एकीच्या अंगावर अख्खा कक्ष असतो, एकाची सलाइन संपते, दुसऱ्याचे नातेवाईक भांडायला येतात आणि नोंदवहीही त्याच वेळी पुरी करायची असते, हे पाहिल्याशिवाय परिचारिका व्हायचे की नाही हे कोणालाही ठरवता येणार नाही.

आणि तिसरे म्हणजे आता उशीर झाला आहे. बी.एस्सी. नर्सिंग, बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, वाचा व श्रवण उपचाराची पदवी, या सगळ्यांचे दार बारावीनंतर उघडते. तुमच्या विद्यार्थ्याने आपली पदवी बाजूला ठेवून पहिल्या वर्षापासून चार-पाच वर्षे पुन्हा काढायची का? हे सांगायचे तर अकरावीत सांगावे.

चौकस

ताई, मोबाइलचा आणि संमतीचा मुद्दा बिनशर्त मान्य. उशिराचा मात्र पूर्ण मान्य नाही. नीटचीच वयाची वरची मर्यादा २०२२ पासून काढून टाकलेली आहे. त्याशिवाय काही दारे बारावीनंतर नव्हे, तर पदवीनंतरच उघडतात. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालय प्रशासन यांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम टाटा समाजविज्ञान संस्थेत आहेत. ज्याला आकडेमोड आवडते त्याच्यासाठी देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, जिच्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा असते. वैद्यकीय समाजकार्य तर मुंबईचेच मानावे लागेल, कारण देशातला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता १९४६ साली जे. जे. रुग्णालयात नेमला गेला. यांतले एकही नाव माझ्या विद्यार्थ्यांना बारावीत कोणी सांगितलेले नसते, आणि खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वी मलाही ठाऊक नव्हते.

अणुरेणू

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. बारावीत जीवशास्त्र सोडले तेव्हा रुग्णालय हा विषय माझ्यापुरता संपला, असे घरात सगळ्यांनी धरून चालले होते. एम.एस्सी.ला असताना मामांना किरणोपचारासाठी (रेडिएशनसाठी) आणायचे आणि न्यायचे काम माझ्याकडे आले. बाहेरच्या बाकावर बसून बसून कंटाळा येई, म्हणून एके दिवशी तिथल्या गृहस्थांना विचारले, की यंत्रातून नेमकी किती मात्रा द्यायची हे कोण ठरवते. ते म्हणाले, “कोणत्या गाठीला किती द्यायची हे डॉक्टर ठरवतात; ती तेवढीच पोहोचेल आणि शेजारच्या निरोगी भागाला कमीत कमी लागेल, याचे गणित आम्ही करतो. मी भौतिकशास्त्राचाच आहे.” त्या दिवशी मला कळले, की एम.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची किरणोत्सर्गी भौतिकीची एक वर्षाची पदविका करून वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होता येते. अशी माणसे आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असल्याशिवाय अणुऊर्जा नियामक मंडळ किरणोपचार विभाग चालवू देत नाही. आज मी हेच काम करतो.

म्हणून पाहून ठरवावे या मताचा मी आहे. पण सर, माझे पाहणे ओजेटीतून झाले नाही. कोणी श्रेयांक देणार नव्हते, म्हणूनच मी प्रश्न विचारला. शिक्क्यासाठी आलेला मुलगा बाकावर मोबाइल बघत बसेल, ही ताईंची भीती मला अनाठायी वाटत नाही.

हिशेबी

येथे सगळे आवडीविषयी बोलत आहेत, म्हणून एका बापाने पैशाविषयी बोललेले बरे. माझ्या मुलीने बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र केले आणि मग एक वर्षाचे डीएमएलटी केले. स्वतःची लॅब टाकावी असा आमचा बेत होता. चौकशी केल्यावर समजले, की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानुसार लॅबच्या अहवालावर विकृतिशास्त्रात (पॅथॉलॉजीत) पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही लागते. हा निर्णय रुग्णांच्या हिताचा असेल, मी त्यावर वाद घालत नाही. परंतु अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना ही गोष्ट आम्हाला कोणीही सांगितली नाही. आता ती दुसऱ्याच्या लॅबमध्ये काम करते आणि तिचा पगार किती हे मी येथे लिहिणार नाही.

सरकारी दवाखान्याचे म्हणाल, तर राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बहुतेक पदे कंत्राटी आहेत. खाजगी महाविद्यालयात फिजिओथेरपीची फी भरायची तर आमच्यासारख्याला शेताचा तुकडा काढावा लागतो. तेव्हा सर, मुलांना रुग्णालय जरूर दाखवा, पण त्या अगोदर त्यांना प्रत्येक अभ्यासक्रमाची फी, नोंदणी कोणत्या परिषदेकडे होते, सहीचा अधिकार कोणाला आहे आणि कायम पदे किती निघतात, या चार गोष्टी कागदावर लिहून द्या. वॉर्डातली सेवा पाहून मुले भारावून जातात, आणि भारावलेल्या मुलाला फीचा आकडा दिसत नाही.

चौकस

हिशेबी काका, सहीच्या अधिकाराचा मुद्दा मी स्वतः विद्यार्थ्यांना कधी सांगितलेला नाही, ही माझी चूक आहे. या सत्रात तो कागद करतो. तरीही एक विचारतो. आपल्या मुलीने प्रवेशाआधी पंधरा दिवस एखाद्या लॅबमध्ये काढले असते, तर सही कोण करते हे तिला पहिल्याच दिवशी दिसले नसते का?

हिशेबी

दिसले असते. पण तिला पंधरा दिवस लॅबमध्ये उभे कोणी केले असते?

रातपाळी

माझा मूळ विरोध कायम आहे, वॉर्डात नकोच. मात्र काकांच्या या प्रश्नावरून आमच्याकडे काय जमू शकेल याचा विचार केला. एका वेळी चारच मुले, मोबाइल फाटकावर जमा. पहिले चार दिवस केसपेपरच्या खिडकीशी उभे राहून लोकांना कोणत्या खोलीत जायचे ते सांगायचे. निम्मी मुले तिथेच गळतील आणि ते बरेच आहे. उरतील त्यांना औषधभांडार, प्रयोगशाळा आणि क्ष-किरण विभाग. एक रात्र माझ्यासोबत, कक्षाबाहेरच्या टेबलाशी. आमच्या वरिष्ठांच्या नावे प्राचार्यांचे पत्र लागेल, आणि ते मान्य होईलच अशी हमी मी देत नाही.

हिशेबी

पत्रात मुलांच्या एसटीच्या पासाचे पैसे कोण देणार, तेही लिहून टाका.