मदत हवी आहे: बहिणीच्या रिसेप्शनला चार शब्द बोलायचेत

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न मिरजेत आहे, पाहुणे साताऱ्याकडचे. घरातर्फे मी बोलायचं असं वडिलांनी परस्पर ठरवून टाकलंय. आपल्याकडे अक्षतांच्या आधी पुढारी माईक सोडत नाहीत आणि तोवर पोरं हातातले तांदूळ एकमेकांच्या डोक्यात टाकून मोकळी होतात, तसं नको. तीन मिनिटं, म्हणजे साधारण साडेतीनशे शब्द धरलेत. लिहून वाचू की नुसते मुद्दे घेऊ?

एक किस्सा आहे: लहानपणी हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर हिनं नवी चप्पल पाण्यात सोडली, ‘पोहते का बघते’ म्हणून. सासरच्यांसमोर चालेल ना? आणि आभार आधी व्याह्यांचे की आपल्या आजीचे? चारोळ्या कृपया नकोत. बोलायचा अनुभव असलेल्यांनो, पहिलं वाक्य काय घेतलं होतंत?