घरच्या हातची मांडणी : तुमचा अनुभव सांगा

मागच्या वर्षी परभणीच्या घरात मी पहिल्यांदाच स्वतः डबे ठेवायची लाकडी मांडणी केली. 18 मिमीचा प्लाय, 4 फुटांच्या 5 फळ्या, दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या, फेव्हिकॉल आणि स्क्रू. 8 बाय 4चा एक प्लाय उभा चिरला की 4 पट्ट्या निघतात. फक्त पूर्ण फूटभर रुंद मिळत नाहीत, कारण दर कापाला करवत 3 मिमी खाते. हे आधी माहीत नव्हतं, म्हणून एक फळी अरुंद निघाली.

दिसायला काम छान झालं. तेलाचे 15 किलोवाले रिकामे पत्र्याचे डबे असतात ना, त्यांत ज्वारी, गहू, तूरडाळ भरून ठेवली. एका डब्यात 12-13 किलो ज्वारी बसते आणि 4 फुटांत असे 5 डबे, म्हणजे एका फळीवर साठेक किलो. पाडव्यापर्यंत फळी मधोमध बोटभर खाली आली.

मला वाटतं, आपण लाकूड आधी ठरवतो आणि वजनाचा विचार शेवटी करतो. ज्यांनी घरी मांडणी, फडताळ, पुस्तकांचं रॅक, हंडे-कळश्या ठेवायची घडवंची असं काही स्वतः केलंय, त्यांनी सविस्तर लिहा. लाकूड कोणतं, कुठून आणलं, त्यावर काय ठेवता, काय बिघडलं, मग काय केलं. फोटो नसला तरी चालेल, मापं मात्र सांगा.

छत्रपती संभाजीनगरहून

मी वाळूज एमआयडीसीत कामाला आहे. यंत्रांचे भाग ज्या पेट्यांतून येतात त्यांच्या फळ्या आणि पॅलेट भंगारवाल्याकडं मिळतात. पाइनचं पांढरट लाकूड, हलकं आणि रंध्याला मऊ. माझ्या घरातली तीनही रॅकं याचीच आहेत.

घेताना लाकडावरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे कीड मरावी म्हणून तापवलेलं लाकूड, गाभ्यापर्यंत 56 अंश, किमान 30 मिनिटं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते मी घरात घेत नाही, धान्याशेजारी तर नाहीच. तेला-केमिकलाचे डाग पडलेली फळीसुद्धा सोडून द्या, कितीही स्वस्त मिळाली तरी.

सगळ्यात जास्त वेळ खिळे काढण्यात जातो. डोकं तुटलेला एक खिळा आत राहिला आणि माझ्या रंध्याच्या पात्याला खाच पडली. तेव्हापासून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवतो. खिळा असला की ते टक्कन ओढतं.

लोहारा तालुक्यातून

माझ्या मांडणीचं लाकूड आमच्या जुन्या घराचं आहे.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी 9 वर्षांचा होतो. घर माळवदाचं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर दरसाल थर देऊन देऊन जड झालेली माती. ते दगड अन् ती मातीच अंगावर आली. उजाडल्यावर बघितलं तर आमच्या सोप्याचे दोन खांब ढिगाऱ्यात तसेच उभे होते.

नव्या गावठाणात घर मिळालं. भिंती पातळ, देवळी नाही, फडताळ नाही. जुन्या घरात भिंतीच्या पोटातच सगळं मावायचं, इथं मायचे डबे वर्षानुवर्षं जमिनीवर राहिले. ढिगाऱ्यातून काढलेल्या दोन तुळया आबांनी पत्र्याखाली विटांवर रचून ठेवल्या होत्या. विकत घ्यायला आलेल्यांना परत पाठवत राहिले. आबा गेल्यावर मी त्या सॉ मिलवर नेल्या. वरून काळ्या, भेगाळलेल्या. पहिला काप पडला अन् आतून मधासारखा रंग निघाला. सागाचा तो तेलकट वास सगळ्या मिलमध्ये पसरला.

मांडणी 6 फूट उंच, 3 फूट रुंद केली, फळ्या सव्वा इंच जाड. दोन गोष्टी ठरवूनच केल्या. जड डबे सगळ्यात खाली. आणि वरून दोन लोखंडी अँगल लावून मांडणी भिंतीला पक्की बांधली. प्रत्येक फळीला समोरून दोन बोटं उंच पट्टी आहे, हादरा बसला तरी डबा घसरून खाली येऊ नये म्हणून. त्याच पट्टीनं फळीला ताठपणाही येतो.

एका तुळईवर दोरीनं घासून पडलेली खोल खाच होती. आमच्या सगळ्यांचे पाळणे तिथंच टांगलेले. तेवढ्या जागेवर मी रंधा मारला नाही आणि ती फळी वरून दुसरी लावली. मायनं आल्या आल्या त्या खाचेवर बोट ठेवलं. "ही सोप्यातलीच ना रं?" एवढंच म्हणाली आणि डबे लावायला घेतले.

परभणीहून, धागा काढणारा

दादा, वाचून थोडा वेळ काही लिहायला सुचलं नाही. पट्टीचं मी करणार. पट्टी आडवी न लावता उभी लावायची ना?

लोहारा तालुक्यातून

हो, उभीच. पट्टीची रुंद बाजू उभी राहिली पाहिजे. आडवी लावली तर वाकायला फारसा फरक पडत नाही.

लातूरहून

ताई-दादांनो, माझी मांडणी पाण्याची आहे. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या घरात हंडे, कळश्या, बादल्या, 20 लिटरचे जार असं सगळं स्वयंपाकघरभर पसरलेलं होतं. सासूबाईंच्या माहेरी घडवंची होती, तिच्यावरून मी माप काढलं आणि दोन मजल्यांची घडवंची केली.

लाकूड बाभळीचं, शेतातलं. बाभूळ इतकी कठीण की स्क्रू सरळ जातच नाही. आधी ड्रिलनं बारीक भोक पाडावं लागतं, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. वरच्या मजल्यावर सलग फळी न टाकता बोटभर अंतर ठेवून पट्ट्या टाकल्या. सांडलेलं पाणी खाली गळून जातं, साचून राहत नाही. पायांचा खालचा भाग सतत ओला राहणार, म्हणून प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा 8 जारांचे 160 किलो झाले. खालच्या चारी बाजूंना आडवे दांडे घातले तेव्हा कुठं ती हलायची थांबली. पाणी आता बरं येतं, पण घडवंची काढलेली नाही.

नांदेडहून

किनवटकडचा साग आमच्याकडं चांगला मानतात. पण सागाला वाळवी लागत नाही हे अर्धंच खरं आहे. आतल्या तांबूस गाभ्याला ती सहसा लागत नाही, सालीलगतच्या पांढऱ्या भागाला लागते. माझ्या मांडणीच्या एकाच पायात पांढरा भाग होता आणि वाळवीनं नेमका तोच खाल्ला. वरून रंग शाबूत, बोटानं दाबलं तर आत माती. घेताना फळीची कड बघून घ्या आणि मांडणी भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा. वाळवीच्या मातीच्या नळ्या त्या फटीतून दिसतात.

बीडहून

भाड्याच्या खोलीत पुस्तकांसाठी भिंतीवर फळी लावली होती. एक फूट लांबीत पुस्तकांचं वजन दहाएक किलो सहज होतं, माझी फळी 3 फुटांची. जुनी भिंत, प्लास्टर भुसभुशीत. स्क्रूसाठी भोकात ठोकलेली गिट्टी विटेत गेलीच नाही, नुसती प्लास्टरमध्ये राहिली. रात्री फळी पुस्तकांसकट खाली आली, लेकीची गादी तिथून हातभर लांब होती. आता भिंतीवर मी वजन टांगत नाही. जमिनीवर उभं राहणारंच रॅक केलं आणि फक्त तोल जाऊ नये म्हणून ते वरून भिंतीला अडकवलं.

जालन्याहून

मांडणीला दारं लावणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. मी मे महिन्यात अगदी घट्ट मापानं दारं बसवली. आपल्याकडच्या उन्हात लाकूड पार सुकलेलं असतं. जुलैत पाऊस सुरू झाला आणि दारं फुगून अडकली. आता दोन्ही दारांच्या मध्ये एका रुपयाचं नाणं सहज जाईल एवढी फट ठेवतो.

परभणीहून, धागा काढणारा

रविवारी डबे उतरवले. वाकलेल्या फळ्या सोडवून उलट्या केल्या, म्हणजे फुगवटा वर आला. प्रत्येक फळीखाली मधोमध उभा आधार दिला, त्यामुळं 4 फुटांचा गाळा 2 फुटांचा झाला. समोरून दीड इंची पट्टी उभी लावली. सगळ्यात वरच्या फळीवरून ज्वारीचे डबे काढून तिथं पापड-कुरडयांचे हलके डबे ठेवले, ज्वारी तळाला आणली. वरून अँगलनं भिंतीला बांधायचं राहिलंय, त्यासाठी आधी प्लास्टर ठोकून वीट कुठं लागते ते बघतोय.

आज पंधरा दिवस झाले. फळीच्या वरून या टोकापासून मधल्या आधारापर्यंत दोरी ताणून बघितली. फळी आणि दोरीच्या मध्ये पोस्टकार्डसुद्धा सरकत नाही.