कॅनडाच्या इतिहासातला एकच टर्निंग पॉइंट सांगायचा तर कोणता? वाचनालयात बोलायचंय

भुसावळचा_ट्रॅकवाला:

राम राम मंडळी. मी रेल्वेतून रिटायर झालोय, ३४ वर्षं पी-वे मध्ये काढली, म्हणजे रूळ, स्लीपर, गिट्टी यातच आयुष्य गेलं. मुलगा कॅलगरीला आहे, मागच्या वर्षी त्याच्याकडे पाच महिने राहून आलो, तर आमच्या वाचनालयवाल्यांनी पकडलं की काका आता कॅनडावर बोला. नायगारा आणि बर्फ दाखवून टाइमपास करायची माझी इच्छा नाही, इतिहासावर बोलायचंय, पण ४० मिनिटांत सगळा इतिहास कसा बसणार, म्हणून एकच प्रसंग धरायचा असं ठरवलंय.

माझ्या डोक्यात ७ नोव्हेंबर १८८५ आहे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा त्या दिवशी ब्रिटिश कोलंबियात क्रेगेलाकी नावाच्या ठिकाणी ठोकला, डोनाल्ड स्मिथ नावाच्या कंपनीच्या बड्या भागीदाराने. त्याचा फोटो लई फेमस आहे, मुलाच्या कॉम्प्युटरवर मी मोठा करून करून पाहिला. स्मिथ वाकून हातोडा धरून उभा आहे, मागे उंच हॅटवाला पांढऱ्या दाढीचा माणूस म्हणजे सँडफर्ड फ्लेमिंग, ज्याने जगाला प्रमाणवेळेची कल्पना पटवायला आयुष्य वेचलं (आपल्या गाड्या तेव्हा मद्रास टाइमवर चालायच्या, प्रमाणवेळ आपल्याकडे १९०६ ला आली). पहिला खिळा स्मिथच्या हातून वाकला, तो उपटून दुसरा ठोकावा लागला. हे वाचलं तेव्हा मला आमचे गँगमन आठवले, तीन घावात खिळा स्लीपरमध्ये बसवायचे आणि आवाजावरून सांगायचे बसला की नाही. त्या फोटोत असा एकही हात दिसत नाही. डोंगरातल्या त्या लाइनवर १५ हजारांच्या आसपास चिनी मजूर राबले, रोज सुमारे १ डॉलर मजुरी, गोऱ्यांना त्याच्या दीडपट-दुप्पट, आणि निदान ६०० जण तरी दरडी-सुरुंग-आजारपणात मेले. फोटोत चिनी चेहरा एकही नाही. आणि त्याच १८८५ साली सरकारने देशात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक चिनी माणसावर ५० डॉलर डोईपट्टी बसवली, म्हणजे काम झालं आता निघा. पुढे १९०३ मध्ये तीच ५०० केली, १९२३ ला जवळजवळ पूर्ण बंदी, ती १९४७ पर्यंत. माफी मागितली २००६ मध्ये.

तर प्रश्न असा की हा खिळा हाच टर्निंग पॉइंट धरला तर चूक तर नाही ना? का माझ्या नोकरीमुळे मला रेल्वेच मोठी दिसून राहिली?

बोरीकाठची_बाई:

भलता भारी प्रश्न इचारा काका तुम्ही. मी अमळनेरची, इतिहास शिकवते. खिळा चुकीचा नाही, पण माझ्या मते तुम्ही गोष्ट शेवटच्या पानापासून सुरू करताय. १६ वर्षं मागे जा, ११ ऑक्टोबर १८६९.

तेव्हा पश्चिमेकडचा अफाट मुलूख हडसन्स बे कंपनीच्या ताब्यात होता आणि कंपनीने तो ३ लाख पौंडांना कॅनडाला द्यायचा सौदा केला. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. रेड रिव्हरच्या काठी, म्हणजे आजच्या विनिपेगला, मेटी लोक राहायचे, आई तिथल्या मूळ जमातीतली आणि बाप बहुतेक फ्रेंच फरव्यापारी अशी ती संतती. त्यांची शेतं कशी होती माहितीये का, नदीपासून मागे जाणारे लांबच लांब अरुंद पट्टे, म्हणजे प्रत्येकाला नदीचं पाणीही मिळेल, मागे गवतही मिळेल आणि शेजारी हाकेच्या अंतरावर राहील. आपल्या तापीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि सौदा पुरता व्हायच्या आधीच राजधानी ओटावाहून मोजणीवाले आले आणि चौकोनी तुकड्यांनी मोजायला लागले, कोणाचं पिढीजात शेत असो का नसो. एका मेटी शेतकऱ्याच्या गवताच्या रानात मोजणीची साखळी पडली तेव्हा निःशस्त्र माणसं जमा झाली आणि त्यातला २४ वर्षांचा एक शिकलेला पोरगा पुढे होऊन साखळीवर पाय ठेवून उभा राहिला, की याच्या पुढे नाही. तो लुई रिएल.

काका, तुमच्या श्रोत्यांना इथे खानदेशातलं १८५२ आठवून द्या. इंग्रजांची महसुली मोजणी आली तेव्हा सावदा, एरंडोल, चोपडा भागातले शेतकरी असेच उठले होते, फौज आणावी लागली होती. आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही. मोजणी म्हणजे नुसतं जमिनीचं माप नसतं, कागदावर कोणाचं नाव चढणार आणि कोणाचं पुसलं जाणार हे तिथेच ठरतं, सातबारा असलेल्या प्रत्येक घराला ते माहितीये.

रिएलने हंगामी सरकार बनवलं, ओटावाशी वाटाघाटी केल्या आणि १८७० ला मॅनिटोबा प्रांत झाला, त्यात मेटींच्या मुलांसाठी १४ लाख एकर कायद्यात लिहून घेतले. पण त्याच सरकारने थॉमस स्कॉट नावाच्या कैद्याला गोळ्या घातल्या, हेही सांगा, लपवू नका, त्याच एका कृत्याने रिएल परागंदा झाला. तीनदा खासदार म्हणून निवडून आला आणि एकदाही संसदेत बसू शकला नाही. आणि ते १४ लाख एकर वाटायला इतका उशीर आणि इतका घोळ केला की बरेच लोक वैतागून आणखी पश्चिमेला गेले. २०१३ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारने तो शब्द पाळला नाही. १४३ वर्षांनी!

आता तुमच्या रेल्वेला येते. १८८५ च्या वसंतात सस्कॅचवानला मेटी पुन्हा उठले, तीच मोजणी, तीच जमीन, रिएल तेव्हा अमेरिकेत मोंटानाला मास्तर होता, त्याला मेटी पुढारी गॅब्रिएल ड्युमाँ वगैरे लोक जाऊन घेऊन आले होते. १८७० ला फौज पूर्वेकडून विनिपेगला पोचायला तीनेक महिने लागले होते. यावेळी तीच फौज आठ-दहा दिवसांत पोचली, कारण तुमची रेल्वे. लाइन अजून अर्धवट, लेक सुपीरिअरच्या वर मध्ये मध्ये रूळच नाहीत, तिथे शिपाई बर्फावरून चालत गेले. आणि खरी गोम अशी की कंपनी तेव्हा दिवाळखोरीच्या काठावर होती, संसद आणखी पैसे द्यायला तयार नव्हती, ही फौज वेळेत पोचली आणि कर्ज मंजूर झालं. म्हणजे रिएलच्या बंडानेच रेल्वे वाचवली, आणि रेल्वेने बंड मोडलं. मे महिन्यात बटॉशची लढाई संपली. ७ नोव्हेंबरला खिळा, १६ नोव्हेंबरला रेजायनात रिएलला फाशी. ज्युरीने दया दाखवा म्हणून शिफारस केली होती तरी पंतप्रधान मॅकडोनल्डने ऐकलं नाही. मधे फक्त नऊ दिवस काका.

केळीपट्टा_रावेर:

ताईंनी जे सांगितलं ते मला माहितच नव्हतं, १८५२ चं पण नाही, आणि आमचं गाव सावद्यापासून हाकेवर. मी शेतकरी माणूस, मला एकच भर घालायचीये. रेल्वे झाली, माणसं गेली, पण पिकवणार काय? तिकडे थंडी लवकर पडते, तेव्हाचा चांगला गहू म्हणजे रेड फाइफ, तो पिकायच्या आतच कधीकधी हिव पडायचं आणि वर्ष वाया. मग साँडर्स घराण्यातल्या बापलेकांनी गव्हाचे संकर केले, थोरला विल्यम सरकारी प्रयोगशेतांचा प्रमुख, त्याच्या एका मुलाने १८९२ ला रेड फाइफचा संकर केला तो कशाशी, तर हार्ड रेड कलकत्ता नावाच्या गव्हाशी. आपला हिंदुस्थानी गहू! लवकर पिकायचा गुण त्याचा. पुढे दुसरा मुलगा चार्ल्स ओटावाला त्या संकराची एकेक ओंबी वेगळी काढून बसला, चक्की-भट्टी लावायला पुरेल इतकं धान्यच नव्हतं म्हणून दाणे चावून बघायचा, तोंडात किती चिवट गोळा होतो त्यावरून पावाला चालेल का ते ठरवायचा. त्यातून मार्क्विस गहू निघाला, आठवडाभर आधी तयार होणारा, आणि १० वर्षांत तिकडच्या मैदानात तोच तो झाला.

आमचे वडील दादर ज्वारीचा दाणा असाच दाताखाली धरायचे, कट्ट आवाज आला तरच पोतं शिवायचं, नाहीतर अजून दोन दिवस खळ्यावर. तेव्हा चार्ल्स साँडर्सला विसरू नका काका, पुतळे मॅकडोनल्डचे उभारले पण त्या देशाचं पोट या माणसाने भरलं.

धुळ्याची_सिस्टर:

मी नर्स आहे, माझं मत वेगळं. लोकांना टॉमी डग्लस सांगा. लहानपणी हाडाच्या आजाराने पाय कापायची वेळ आलेली, घरी पैसे नाहीत, एका सर्जनने फुकट ऑपरेशन करून पाय वाचवला, आणि त्याच्या मनात बसलं की इलाज नशिबावर अवलंबून नको. मोठा होऊन सस्कॅचवान प्रांताचा प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री झाला, त्याच्या पक्षाने १ जुलै १९६२ ला सगळ्यांसाठी सरकारी वैद्यकीय विमा आणला, डॉक्टर २३ दिवस संपावर गेले तरी सरकार हटलं नाही, आणि मग तेच पूर्ण देशाने उचललं. इलाजापायी शेत गहाण टाकलेले पेशंट मी रोज बघते, म्हणून मला हाच माणूस मोठा वाटतो.

सातपुड्याचा_पावरा:

काका मी धडगावचा. बोरीकाठच्या ताईंचं पटलं, पण १८८५ मध्ये फक्त रिएल नाही. २७ नोव्हेंबरला बॅटलफर्डला आठ आदिवासी माणसांना एकत्र फाशी दिली. आणि मॅकडोनल्डच्याच सरकारने १८८३ पासून त्या भागात निवासी शाळा काढायला सुरुवात केली, आईबापापासून मुलं तोडायची, केस कापायचे, भाषा बोलले की शिक्षा. शंभर वर्षांवर चाललं, दीड लाखाच्या आसपास मुलं त्यातून गेली, ४ हजारांहून जास्त मृत्यूंची नोंद निघालीये. डॉक्टर पीटर ब्राइस नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने १९०७ लाच रिपोर्ट दिला होता की या शाळांत मुलं टीबीने मरताहेत, तो गुंडाळून ठेवला, शेवटी नोकरी गेल्यावर त्याने १९२२ ला सगळी हकीकत स्वतः छापून काढली. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली २००८ ला.

मी आश्रमशाळेत शिकलो. आमच्या शाळेची त्या शाळांशी बरोबरी करणार नाही, होळीला घरी सोडायचे, आई बाजाराच्या दिवशी भाकर घेऊन भेटायला यायची, शिकलो म्हणून आज नोकरी आहे. पण पहिलीत मी पाणी आमच्या पावरी बोलीतून मागितलं आणि एका गुरुजींनी वर्गासमोर उभं करून मराठी शब्द येईपर्यंत पाणी दिलं नाही. ४१ वर्षांचा आहे मी, तहान लागली की अजून एखादवेळी ते आठवतं. म्हणून तिकडच्या मुलांचं वाचलं की मला पान पुढे उलटता येत नाही. तुमच्या भाषणात दोन मिनिटं त्यांना द्या एवढंच.

भुसावळचा_ट्रॅकवाला:

सगळ्यांचे आभार, काल रात्री दोनदा वाचलं सगळं. पावरा भाऊ, दोन नाही, तुमच्या मुलांना मी १० मिनिटं देणार आहे, आणि तुमची हरकत नसेल तर पाण्याची गोष्ट नाव न घेता सांगेन. सिस्टर, डग्लस पुढच्या वेळी पूर्ण तासभर, आत्ता तो घुसवला तर त्याच्यावर अन्याय होईल.

ठरवलं असं की साखळीपासून खिळ्यापर्यंत जायचं, १८६९ ते १८८५, आणि शेवटी मार्क्विसचा दाणा, कारण त्या चौकोनी तुकड्यांत पुढे तोच पेरला गेला. मी ३४ वर्षं लाइन टाकली पण लाइनच्या खालची जमीन आधी कोणाची होती हे कधी मनात आलं नव्हतं, भूसंपादनवाले वेगळे, आम्ही वेगळे, असंच धरून चाललो.

एक मदत पाहिजे. आपली जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची, म्हणूनच ३३ बाय ३३ चा गुंठा, आणि तिकडच्या मोजणीवाल्यांची इंग्रजी साखळी बरोबर दुप्पट, ६६ फुटांची. कोणाच्या घरी जुनी लोखंडी साखळी आहे का? सभागृहात जमिनीवर पसरून ठेवायची म्हणतोय, येणाऱ्या माणसाला ती ओलांडूनच बसावं लागेल अशी.

केळीपट्टा_रावेर:

आहे काका. आजोबा पाटील होते, माळ्यावर पोत्यात आहे, गंज चढलाय आणि दोन कड्या तुटल्यात पण पितळी खुणा शाबूत आहेत. शनिवारी केळीची गाडी भुसावळला येते, ड्रायव्हरजवळ देतो.