मदत हवी आहे: सरकता जिना, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि गळ्यात बाळ

नमस्कार मंडळी. आठवडा झाला, डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी धागा काढला.

मागच्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन एकटीच सरकत्या जिन्यानं वर जात होते. धाकटी आठ महिन्यांची, पुढे कॅरियरमध्ये. मोठा साडेतीनचा, माझा हात धरून कडेला उभा. जिना संपायला चार-पाच पायऱ्या उरल्या असतील, तेवढ्यात तो अगदी शांतपणे म्हणाला, "आई, बूट." बघते तर त्याच्या फोमच्या क्लॉगचं टोक पायरी आणि बाजूचा पत्रा यांच्या मध्ये गेलेलं आणि च्युइंगमसारखं ताणलं जातंय. मी त्याला दंडाला धरून वर खेचलं. नशिबानं पाय बुटातून निघाला, बूट तिथेच. मागून येणाऱ्या एका काकांनी तो उपसून दिला. पुढचा लचका गायब, वर काळं ग्रीस. पायाला ओरखडासुद्धा नाही.

गंमत अशी की घाबरलेय मी. चिरंजीवांना "परत जिन्यावर" जायचंय.

तर विचारायचंय हे की ती फट इतकी बारीक असते, मग बूट आत गेलाच कसा? मी एकटी आणि मुलं दोन, अशा वेळी कसं न्यायचं? आणि पुन्हा अडकलं तर आधी काय करायचं? लाल बटण नावाची वस्तू असते हे मला घरी येऊन चहा घेताना आठवलं.

"लिफ्टनं जा" हे कळतं हो. पण लिफ्ट बंद असते, आणि कधीतरी त्याला शिकायचंच आहे.

उंटावरची शहाणी: बाप रे. वाचतानाच पोटात गोळा आला. मी तर मोठ्यालाही सरळ उचलून घेते, पाय जमिनीलाच नकोत.

शेवटचा डबा: @उंटावरची शहाणी, इथे नाही चालणार ते. पुढे बाळ, कडेवर घोडा, मग कठड्याचा सरकता पट्टा काय दातांनी धरायचा? तोल गेला तर तिघंही खाली. पायऱ्यांच्या कडा धारदार असतात, नुसत्या पडण्यानंही चांगलीच जखम होते. मी जुळ्यांचा बाप आहे. आमच्याकडे एका मोठ्या माणसामागे चालणारं मूल एकच. दोघंही चालते झाले तेव्हापासून मी एकटा असलो की लिफ्टच, रांग असली तरी. कॅरियरमधलं बाळ आणि एक चालता, एवढं जमतं, कारण एक हात मुलाला आणि एक पट्ट्याला उरतो. त्यात खांद्याला पिशवी नको आणि हातात फोन तर नकोच. बाबागाडी जिन्यावर कधीच न्यायची नाही, मागची चाकं उचलून नेणारे वीर रोज दिसतात तरीही.

तेलकट पाना: लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांची देखभाल हेच माझं काम, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, फट बारीकच असते. युरोपातल्या मानकानुसार एका बाजूला जास्तीत जास्त ४ मिलिमीटर, दोन्ही बाजू मिळून ७. पण पायरी चालती आहे आणि पत्रा जागच्या जागी आहे, खरी गोम ती. चामड्याचा किंवा कडक तळाचा बूट पत्र्याला लागला तर घासत जातो. मऊ फोम किंवा रबर घसरत नाही, चिकटतो. पायरी त्याला पुढे रेटते, पत्रा मागे धरून ठेवतो, मग तो दुमडतो आणि दुमडलेली कड फटीत शिरते. एकदा शिरली की मशीनच ती आत घेतं. मुलांचा पाय हलका, बूट सैल, आणि त्यांना तो पत्रा बुटानं घासून बघायचाच असतो. अशाच घटनांनंतर २००८ मध्ये जपान सरकारनं मऊ क्लॉगची रचना सुधारायला सांगितलं होतं.

पत्र्याला लागून जे ब्रश असतात ना, ते पाय कडेपासून लांब राहावा म्हणून आहेत. लोक त्यावर बूट पुसतात. म्हणजे जिथे पाय नेऊ नये म्हणून ब्रश लावला, नेमका तिथेच पाय नेतात! मुलं ते बघतात आणि तेच करतात.

दुसरी जागा म्हणजे जिन्याच्या दोन्ही टोकांना असलेली दातेरी पट्टी. आम्ही कोंब म्हणतो, कंगवाच तो. पायऱ्यांच्या खाचांमधून त्याचे दात जातात. काही अडकून कंगवा ढकलला गेला की खालचा स्विच जिना बंद करतो, पण त्यासाठी बऱ्यापैकी जोर लागतो. लहान बोटांसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. टोकाला आलं की मुलाला "उचल पाय" म्हणायचं आणि लगेच पुढे सरकायचं. उतरल्यावर तिथेच थांबून पिशवी आवरणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

दोन पिल्लांची आई: पाना, खूप आभार. मग त्याला पट्टा धरू द्यायचा की नाही? धरला तर तो कडेला येणार, म्हणजे पत्र्याजवळच.

तेलकट पाना: बरोबर पकडलंत. त्याच्या वयाचं मूल साधारण मीटरभर उंच आणि पट्टाही जवळपास तेवढ्यावरच. धरायला हात तोंडासमोर न्यावा लागतो आणि अंग कडेला टेकतं. त्यामुळे या वयात पट्टा तुम्ही धरा, त्यानं तुमचा हात धरायचा आणि पायरीच्या मधोमध उभं राहायचं. तोंड जिना जातो त्या दिशेला. पायऱ्यांवर पिवळ्या रेषा असतील तर "रेषेच्या आत" हा खेळ चालतो. बसू द्यायचं नाही, पट्ट्यावर लोंबकळू तर अजिबात नाही. वर ओढला गेला की पट्ट्याबाहेर जायला क्षणभर पुरतो.

अडकलंच तर आधी बटण. दोन्ही टोकांना असतं, लांब जिन्यांना मध्येही. तुम्ही मध्यावर असाल तर संकोच न करता ओरडा, "लाल बटण दाबा!" दाबणाऱ्यानं इतरांना पट्टा धरायला सांगावं, झटका बसतो आणि थांबेपर्यंत जिना थोडा पुढे जातोच. बूट अडकला असेल तर बूट जाऊ द्या, पाय काढा. पाय किंवा बोटच अडकलं असेल तर ओढू नका आणि जिना उलटा फिरवायलाही कुणाला देऊ नका. मेकॅनिक आणि अग्निशामक दलाला बोलवा, तोवर मुलाला धरून बसा.

आणि बंद पडलेल्या जिन्यावरून मुलांना चालवत नेऊ नका. दोन्ही टोकांजवळ पायऱ्यांची उंची कमी-जास्त असते, अडखळायला होतं.

उंटावरची शहाणी: उचलून घेण्याचं माझं म्हणणं मागे. पण एकच मूल असेल तर मी उचलणारच, दुसऱ्या हातानं पट्टा धरून.

शेवटचा डबा: त्याला ना नाही. वर जाताना आपण मुलाच्या मागच्या पायरीवर आणि उतरताना पुढच्या, म्हणजे पडलंच तर आपल्यावर पडेल. एकाच पायरीवर उभं राहून हात धरण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

दोन पिल्लांची आई: आज जाऊन आलो. बाळ आजीकडे. त्याला बंद बूट, माझे हात मोकळे. आधी खालीच दहा मिनिटं नुसतं बघत उभे राहिलो. पायरी कुठून येते, कुठे जाते, "जिना जमिनीत बुडतो" वगैरे. मग वर गेलो. माझ्या तळव्याला घाम, त्याचं मात्र लक्ष रेषेवर. उतरताना "उचल पाय" हे तोच मला सांगत होता.

एक गडबड झालीये. लाल बटण मी त्याला हौसेनं दाखवलं. परतीच्या वाटेवर त्यानं ते तीनदा विचारलं आणि एकदा बोट थेट तिथपर्यंत नेलं. त्यासाठी वेगळा धागा काढू का?